ब्लेड नाही हो, लेझर!

डोळ्यांच्या दवाखान्यांच्या जाहिराती वाचून मला नेहमी एक प्रश्न पडतो. ब्लेड नाही, टाका नाही, इंजेक्शन नाही, पट्टी नाही, दुखत नाही, दवाखान्यात राहावं लागत नाही. एवढं सगळं नाही, तर मग आहे काय? एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे बिल. पण त्याचा जाहिरातीत उल्लेख नसतो. शेजारी एक मुलगी मोकळ्या डोळ्यांनी आकाशाकडे बघत हसत असते आणि खाली लिहिलेलं असतं, 'चष्मा फेकून द्या!' हे लिहिणारा मराठी मध्यमवर्गीय घरातला नाही, हे मी पैजेवर सांगतो. आमच्याकडे चष्मा फेकत नाहीत. नंबर बदलला की जुना चष्मा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जातो. 'फ्रेम चांगली आहे, असू दे.' एकदा वीज गेल्यावर मेणबत्ती शोधायला मी त्या ड्रॉवरमध्ये हात घातला, तर मेणबत्तीऐवजी तीन पिढ्या हाताला लागल्या.

अशा घरात माझ्या पुतणीने चहाच्या वेळी जाहीर केलं, ''मी लेझर करून घेतेय.''

तिचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. चौथीत असताना फळ्यावरचं दिसत नाही हे बाईंच्या लक्षात आलं, त्याआधी ती अभ्यासात ढ आहे यावर घरात एकमत झालं होतं. चष्मा लागला आणि ती एकदम हुशार झाली. वर्गात मात्र 'ढापणी' झाली. मग आमच्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, सूत्रं हातात घेतली. गाजराचा रस झाला. पहाटे गवतावर अनवाणी चालणं झालं. रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासणं तर वर्षानुवर्षं चाललं. या उपचारांनी पोरीचे तळवे लोण्यावाणी मऊ झाले आणि नंबर तेवढा दरवर्षी वाढत गेला. लग्नासाठी फोटो काढायची वेळ आली तेव्हा वहिनीने तो चष्म्याशिवायच काढायला लावला. त्या फोटोत ती फोटोग्राफरकडे न बघता, त्याच्या डावीकडच्या छत्रीकडे बघून फार गोड हसते आहे.

''डोळ्याला ब्लेड लावणार?'' आईने विचारलं.

''ब्लेड नाही गं आजी, लेझर. ब्लेडलेस असतं हल्ली.''

''म्हणजे जाळणार!''

यावर पुतणीने माझ्याकडे बघितलं. घरात एक निवृत्त माणूस असला की सोबत जाणं, फॉर्मवर सह्या करणं आणि आईची समजूत घालणं ही कामं त्याच्याकडे आपोआप येतात.

पहिली फेरी नुसत्या तपासण्यांची. त्यासाठीसुद्धा आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगतात, कारण लेन्समुळे बुबुळाच्या पडद्याचा आकार तात्पुरता बदलतो आणि यंत्राला खोटं माप मिळतं. मग या यंत्रावर हनुवटी टेकवा, त्या यंत्रावर कपाळ टेकवा. एकात हिरवे-लाल गोल दिसतात, एकात लांबवर एक घर दिसतं. वय अठराच्या पुढे हवं, नंबर निदान वर्षभर हललेला नसावा, बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी नसावी, डोळे फार कोरडे नसावेत, पडदा कुठे शंकूसारखा पुढे आलेला नसावा. एवढ्या कसोट्या आमच्याकडे स्थळ बघतानाही लावत नाहीत.

मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात आणि बाहेर बसवतात. तो हॉल बघण्यासारखा असतो. सगळे पेशंट खुर्च्यांवर डोळे मिटून, माना मागे टाकून. मधूनच एखादा डोळा उघडतो, मोबाइल हातभर लांब धरतो, मग त्याहून लांब धरतो, आणि शेजाऱ्याला विचारतो, ''जरा बघता का, हा मेसेज बॉसचा आहे की बायकोचा?'' शेजाऱ्यालाही दिसत नसतं. तोही अंदाजाने सांगतो, ''बॉसचाच असेल, लांबलचक आहे.'' आणि नेमक्या याच मुहूर्तावर दवाखान्याची मुलगी संमतीपत्र आणून देते. बारीक टाइपात, पाठपोट. ''काका, सगळं नीट वाचून सही करा.'' त्या हॉलमध्ये वाचू शकणारा मी एकटा होतो, म्हणून ओळख ना देख अशा चौघांचे संभाव्य धोके मी मोठ्यांदा वाचून दाखवले. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं, डोळे कोरडे पडणं, नंबर थोडा उरणं, क्वचित संसर्ग. एका गृहस्थांनी शेवटी विचारलं, ''यात चांगलं काही लिहिलंय का?'' ते पान वेगळं होतं. त्यावर दर होते.

दर समजावून सांगायला समुपदेशक असते. समुपदेशन म्हटल्यावर मला वाटलं होतं की धीर वगैरे देतील. तिने कार्डच पुढे सरकवलं. सर्वात खाली ब्लेडचं लॅसिक. त्यावर ब्लेडलेस लॅसिक. त्यावर कॉन्टूरा. सगळ्यात वर स्माईल. काही हजारांत सुरू झालेला आकडा वर जाता जाता लाखाच्या पुढे गेला होता. आता मला सांगा, 'तुमच्या मुलीच्या डोळ्याला ब्लेड लावू की नको?' असं विचारल्यावर कुठला बाप 'लावा, तेवढेच पैसे वाचतील' म्हणेल? दर ठरवण्याची ही पद्धत ज्याने शोधली त्याची नजर लेझरपेक्षा तीक्ष्ण आहे.

मी मात्र चिकटपणे डॉक्टरांना गाठलं. पेन्शनर माणसाला घाई नसते, हे डॉक्टर लोकांना फार लवकर कळतं. त्यांनी कागद ओढला आणि डोळा काढला.

बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो, त्याला शाळेच्या पुस्तकात पारपटल आणि दवाखान्यात कॉर्निया म्हणतात. जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन. त्यात रक्तवाहिनी नाही. प्राणवायू तो थेट हवेतून घेतो. डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद सगळी मिळून ६० डायॉप्टरच्या आसपास, आणि त्यातले सुमारे ४३ या एकट्या पडद्याचे. म्हणजे आपण ज्याला भिंग समजतो ते आतलं भिंग दुय्यम, खरं काम दाराशी उभा असलेला हा पडदाच करतो. मायनस नंबरवाल्यांच्या डोळ्यात प्रतिमा मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. पुढचा पडदा मधोमध किंचित सपाट केला की ती मागे सरकते आणि जागेवर येते. चष्मा हेच काम नाकावर बसून करतो. लेझर तोच आकार पडद्यातच कोरून ठेवतो.

पण वरून कोरायला सुरुवात केली तर पृष्ठभागाची त्वचा जाते आणि ती भरून येईपर्यंत डोळा काही दिवस चांगलाच चुरचुरतो. म्हणून लॅसिकमध्ये आधी वरचा शंभरेक मायक्रॉनचा थर सुटा करायचा, पण पुरता नाही. एका बाजूला तो जोडलेला ठेवायचा. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा आपण एका कडेने उचलतो ना, तसा तो उचलायचा, आत कोरायचं आणि परत खाली ठेवायचा. टाका लागत नाही, तो आपला आपण चिकटतो.

हा पापुद्रा सोडवायला पूर्वी थरथरणारं बारीक पातं असलेलं यंत्र वापरत. अजूनही कुठे कुठे वापरतात. त्याऐवजी लेझर आला म्हणून ते ब्लेडलेस. नंबर उतरवायचं मुख्य कोरीव काम तर दोन्ही प्रकारांत लेझरच करतो. तिथे ब्लेड कधीच नव्हतं! म्हणजे समुपदेशक बाईंच्या कार्डावरचा तो मोठा फरक फक्त दार कशाने उघडलं एवढ्यापुरता. ''मग जास्तीचे पैसे कशाचे?'' मी विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, ''भरवशाचे. पात्याने पापुद्रा कधी थोडा जाड, कधी पातळ निघतो. लेझरने जेवढा सांगितला तेवढाच निघतो. पण हात अनुभवी असेल तर शेवटी दिसायचं ते दोन्हीकडे जवळपास सारखंच दिसतं.'' हे वाक्य कार्डावर छापलं असतं तर मी त्या दवाखान्याला देणगी दिली असती.

दोन लेझर दोन स्वभावांचे असतात. पापुद्रा सोडवणारा फेम्टोसेकंद लेझर. त्याचा प्रकाश पारदर्शक पडद्यातून काहीही न करता आत शिरतो आणि नेमक्या ठरलेल्या खोलीवर जाऊन सूक्ष्म बुडबुडे काढतो. एकाला लागून एक असे असंख्य बुडबुडे झाले की तिथून थर सुटा होतो. प्रत्येक ठिणगी काहीशे फेम्टोसेकंदांची. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायला बसलं तर ३ कोटी १७ लाख वर्षं लागतील. आमच्या सोसायटीच्या सभेत वेळ असाच जातो, पण त्यातून काही सुटं होत नाही. दुसरा एक्सायमर. त्याचा १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण आत शिरतच नाही. पृष्ठभागावरच रेणूंचे बंध तोडतो आणि तेवढा थर वाफ होऊन उडून जातो. एका ठिणगीत मायक्रॉनचा चौथा हिस्सा. शेजारचा भाग भाजतही नाही, कारण हे जाळणं नव्हेच. आईला मी हे घरी आल्यावर तीनदा समजावलं. ती म्हणाली, ''वास येतो म्हणतात ना? मग जाळणंच.'' वास येतो हे खरं आहे. केस जळल्यासारखा येतो. आईपुढे आयबीएमची प्रयोगशाळाही हरली असती.

हो, आयबीएम. या विद्येचा इतिहास वाचला तर त्यात उरलंसुरलं, फुटलेलं आणि चुकून लागलेलं यांचाच भरणा जास्त आहे. न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएमचं संशोधन केंद्र आहे. तिथे मद्रासेत जन्मलेले आणि मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन काम करत होते. सोबत जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम. एक्सायमर लेझरने प्लास्टिक सुबक कोरलं जातं हे त्यांना कळलं होतं. जिवंत शरीरातल्या पेशींचं काय होईल हा प्रश्न होता. नोव्हेंबर १९८१. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण, म्हणजे घरोघर टर्की. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, श्रीनिवासन जेवणातली उरलेली टर्की घेऊन प्रयोगशाळेत हजर झाले आणि तिच्यावर लेझर चालवला. कडा स्वच्छ, आजूबाजूला भाजल्याची खूण नाही. पुढे याच मंडळींनी माणसाच्या एका केसावर लेझरने काटकोनी खाचा पाडून दाखवल्या. तो फोटो जगभर फिरला.

आपल्याकडे शिळं उरलं की फोडणीची पोळी होते. तिथे त्याचं नेत्रशास्त्र झालं. अर्थात टर्कीला नंबर नव्हता, म्हणून १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सोबतीने हा किरण कॉर्नियावर वापरून दाखवला आणि डोळ्यांचे डॉक्टर जागे झाले. तिघा आयबीएमवाल्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, ते २०१३ मध्ये ओबामांच्या हस्ते.

त्याआधीची हकिगत ऐकून मात्र अंगावर काटा येतो. कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, होसे बाराकेर नावाचे डॉक्टर कॉर्नियाची चकती कापून बाहेर काढत, ती गोठवत, चक्क लेथवर चढवून घासत आणि परत डोळ्यावर शिवून टाकत. आमच्या भोसरीत लेथवर आयुष्य काढलेल्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, ''टॉलरन्स किती धरत होते?'' मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी तर सत्तरच्या दशकात पडद्यावर सूर्यकिरणांसारख्या चिरा पाडायचा सपाटा लावला. असं सांगतात, की एका मुलाच्या चष्म्याची काच फुटून डोळ्यात गेली, पडदा चिरला आणि जखम भरल्यावर त्याला आधीपेक्षा चांगलं दिसू लागलं. तिथून त्यांना उमेद आली. पुढे पुढे त्यांच्या दवाखान्यात पेशंट फिरत्या टेबलांवर एका सर्जनकडून दुसऱ्याकडे जात, प्रत्येकाकडे एकच काम. अशा चिरा पाडलेल्या कित्येकांचा नंबर नंतर उलट्या दिशेने सरकत राहिला आणि ती पद्धत मागे पडली. मग क्रेट बेटावरचे डॉक्टर पाल्लिकारिस यांनी नव्वदच्या सुमारास पापुद्रा आणि एक्सायमर यांची जोडी जमवली, ते हे लॅसिक.

आणि ब्लेडलेसचा जन्म? तोही अपघातीच. १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून फेम्टोसेकंद लेझर गेला. तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ या तरुण डॉक्टरने बघितलं, तर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर इजा होती, पण इतकी नेटकी की त्याला कुतूहल वाटलं. कुठला लेझर आहे म्हणून तो प्रयोगशाळेत जाऊन पोचला आणि तिबोर युहास यांच्या साथीने त्यातून कॉर्नियाचं यंत्रच उभं केलं. ती प्रयोगशाळा होती जेरार मुरू यांची. असे अतिसूक्ष्म स्पंद ताकदवान करायची युक्ती त्यांनी डोना स्ट्रिकलंड यांच्याबरोबर १९८५ मध्ये शोधली होती. २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना त्यासाठीच मिळालं. आमच्या घरी कोणी डोळ्यात काही घालून घेतलं असतं तर आईने कानाखाली जाळ काढून आधी दूध घातलं असतं, आणि जगाला ब्लेडलेस मिळालंच नसतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी नातेवाइकांची सोय दवाखान्याने बाहेर टीव्ही लावून केली होती. ही आपल्याकडची खास पद्धत. आत काय चाललंय ते बाहेर सगळ्यांनी बघायचं. बत्तीस इंची पडद्यावर बत्तीस इंची डोळा. पापण्या चिमट्याने ताणून धरलेल्या. वहिनीने पदर तोंडाला लावला आणि बोटांच्या फटीतून बघायला लागली. आधी डोळ्यावर एक कडी टेकवून हवेच्या ओढीने तो स्थिर केला. तेवढा वेळ पेशंटला सगळं धूसर होतं, कधी पार अंधारतं. मग पांढऱ्या बुडबुड्यांची एक लाट पडद्यावरून सरकत गेली. डॉक्टरांनी बारीक पट्टीने कड सोडवून पापुद्रा उलटला तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. एक आजोबा उठून प्रसाधनगृहाकडे गेले ते परत आले नाहीत.

''हिरव्या दिव्याकडे बघत राहा,'' आतून आवाज येत होता. डोळा हलला तर लेझर त्याच्या मागे मागे जातो आणि फारच हलला तर थांबतो, हे मला माहीत होतं, पण टीव्हीवर माहितीचा काही उपयोग होत नाही. कटकट-कटकट असा आवाज, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो बंद. पाण्याने धुतलं, पापुद्रा सरळ केला, दुसरा डोळा. इतक्या लवकर संपलं की वहिनीला जरा फसवल्यासारखंच वाटलं. ''एवढ्याला एवढे पैसे?''

पुतणी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. डोळ्यांवर पारदर्शक ढाली. पाणी वाहत होतं, डोळे वाळू गेल्यासारखे खुपत होते, आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ सांगितली. वहिनी रडायला लागली. मग मीही इकडेतिकडे बघितलं.

पुढचे काही दिवस घर थेंबांवर चाललं. अँटिबायोटिकचे वेगळे, स्टेरॉइडचे वेगळे, अश्रूंसारखे वेगळे, आणि सगळ्यांचं वेळापत्रक आईने फ्रीजवर चिकटवलेलं. डोळे चोळायचे नाहीत, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, काजळ नाही, पोहणं नाही. तूप आणि काशाची वाटीही काढून ठेवली होती, पण डॉक्टरांनी तळपायांना हरकत घेतली नाही. लेझरने झालेला फायदा आई आजही त्या वाटीच्या खात्यावर मांडते.

माझा स्वतःचा नंबर उतरवायची चौकशी मी केली होती. डॉक्टर हसले. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही त्याचं कारण पुढच्या पडद्यात नसतं, आतलं भिंग ताठर होतं त्यात असतं. तिथे हा लेझर कामाचा नाही. जिने पंचविशीत लॅसिक केलं तिलाही वेळ झाली की चाळिशी लागायचीच.

पैशांचा हिशेब बाकी होता. कंपनीचा आरोग्यविमा आहे म्हणून पुतणीने अर्ज केला होता. नियमात लिहिलेलं निघालं, साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर असेल तर चष्मा घालवायचा खर्च विम्यात बसत नाही. साडेपाच! लहानपणी ज्या नंबरने घरादाराची झोप उडवली होती, तो आता दोनाने कमी पडला म्हणून वहिनी हळहळली.

आणि इथे माझ्या भाच्याचं नशीब उजाडलं. तो बँकेत आहे, नंबर मायनस साडेआठ. काचा इतक्या जाड की लग्नाच्या पंगतीत पोरं त्याला 'जरा चष्म्याने कागद पेटवून दाखव' म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नंबर कशात तरी वरचा आला. ''मामा, माझं बसतं!'' त्याने मला फोन केला तेव्हा आवाजात बढतीचा आनंद होता. पुन्हा मी सोबत. पुन्हा हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा.

डॉक्टरांनी पुन्हा कागद ओढला, या वेळी वजाबाकीसाठी. एक नंबर उतरवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात. पुतणीचा पडदा होता ५३० चा. पापुद्र्याचे ११०, नंबराचे ८०, आणि खाली ३४० शिल्लक. भाच्याचा पडदा ४७०. पापुद्र्याचे ११०, नंबराचे १२०. उरले २४०. तीनशेच्या आसपास तरी हवेत, नाहीतर पडदा कालांतराने पुढे झुकायची भीती. बँकेतल्या माणसाला किमान शिल्लक समजावून सांगावी लागली नाही. तो गप्प बसला.

''मग लेझर नाहीच?''

''लेझर नाही. पण तुमच्यासाठी दुसरी सोय आहे. बुबुळाच्या मागे आणि तुमच्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे आम्ही एक पातळ लेन्स बसवतो. पडदा कोरायचा नाही, आणि पुढे गरज पडली तर लेन्स काढताही येते.''

भाच्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

''म्हणजे चष्मा आतून घालायचा?''

''हो,'' डॉक्टर म्हणाले, ''आणि तो पुसावा लागत नाही.''